लाल रानाचा जमाखर्च

धर्मगुरूचे प्रवचन एखाद्या रविवारी फिके पडले तर भाविक सांभाळून घेतात, पण हिशेब चुकला तर कोणी सांभाळून घेत नाही, असे आमच्या सेमिनरीतील एक वयोवृद्ध प्राध्यापक मिस्कीलपणे म्हणत असत. तत्त्वज्ञानाच्या तासाला मधूनच ते रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांवर घसरत. पैसा कधी नाहीसा होत नसतो, हे त्यांचे आवडते सूत्र होते. तो एका खात्यातून निघाला की दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात दिसलाच पाहिजे. दिसत नसेल तर तो हरवलेला नसतो. कोणीतरी तो लिहिलेला नसतो. पुढे धर्मग्रामांचा कारभार पाहताना या सूत्राची प्रचिती मला वारंवार आली. परंतु हेच सूत्र अरण्यालाही लागू पडते, किंबहुना तेथे ते अधिक काटेकोरपणे पाळले जाते, हे मला शिकवले ते कॅनडातील एका निवृत्त वनमोजणीदाराने.

सन २००७ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मध्यभागातील एका छोट्या धर्मग्रामात दोन महिने बदली धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आला. तेथील फादर रजेवर गेले होते. व्हॅंकूवरहून उत्तरेकडे निघाले की प्रिन्स जॉर्ज शहर रस्त्याने पावणेआठशे किलोमीटरवर लागते, आणि आमचे गाव त्याच्याही पलीकडे. प्रवासाच्या उत्तरार्धात डोंगरांचा रंग बदलू लागला. आधी हिरव्यात एखाददुसरा तांबूस ठिपका, मग तांबूस पट्टे, आणि शेवटी नजर पोहोचेल तेथवर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे रान. महिना जुलैचा होता आणि झाडे पाइनची, म्हणजे सदाहरित. त्यामुळे ही पानगळीची शोभा नव्हे, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. कडेला बसलेले एक गृहस्थ एवढेच म्हणाले, “फादर, ही मेलेली झाडे आहेत. लाल दिसतात ती गेल्या वर्षी मेली. करडी दिसतात ती त्याच्या आधी.”

या अवाढव्य संहाराचे कारण तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा होता. पाइनच्या सालीखाली शिरून तो अंडी घालतो. झाड डिंकासारखा राळेचा पाझर सोडून त्याला परतवण्याचा प्रयत्न करते. पण भुंगेरा एकटा येत नाही. गंधाचा निरोप धाडून तो आपल्या हजारो भाईबंदांना बोलावून घेतो, आणि त्यांच्यासोबत येणारी निळसर बुरशी झाडाच्या जलवाहिन्या बुजवून टाकते. पुढच्या उन्हाळ्यात पाने लाल होतात, आणखी दोनतीन वर्षांत गळून पडतात व करडा सांगाडा तेवढा उभा राहतो. हा कीटक परका नाही. तो त्या रानात युगानुयुगे राहतो आहे. उणे चाळीस अंशांच्या आसपासची कडाक्याची थंडी काही दिवस टिकली की त्याच्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मरत आणि समतोल राखला जाई. तशा थंड्या विरळ झाल्या. दुसरीकडे माणसाने दशकानुदशके वणवे विझवले, त्यामुळे भुंगेऱ्याला आवडणारी जुनी, जाड खोडाची पाइनची झाडे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शिल्लक राहिली. भरलेले ताट आणि उघडे दार अशी ती स्थिती होती. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस उसळलेला हा उत्पात २००६ सालापर्यंत सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरला होता.

वनमोजणीदार आजोबा रोज सकाळच्या मिस्साला येत आणि नंतर माझ्याकडे कॉफी पीत. त्यांनी उभा जन्म झाडांचा घेर आणि उंची मोजण्यात घालवला होता. गावातील दोन सॉ मिलमध्ये त्यांची मुले आणि पुतणे काम करीत. एके सकाळी मी त्यांना सहज म्हणालो, की एवढे रान गेले, म्हणजे त्यात साठवलेला कार्बनही वातावरणात गेला असेल. आजोबांनी कप खाली ठेवला आणि मला खिडकीशी नेले. समोरच्या टेकडीवर करडी झाडे उभी होती. “तुम्हाला ते खोड दिसते ना?” त्यांनी विचारले. “मग कार्बन कुठे गेला? तो तिथेच उभा आहे. झाड मेले म्हणजे पैसे खर्च झाले असे नव्हे. ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले.”

मला आमचे प्राध्यापक आठवले, हे सांगायला नको.

त्यानंतरच्या कित्येक सकाळी आजोबांनी मला जी खतावणी शिकवली, ती त्यांची स्वतःची नव्हती. व्हॅंकूवर बेटावरील व्हिक्टोरिया शहरात कॅनडाच्या वनसेवेचे संशोधन केंद्र आहे. तेथे व्हेर्नर कुर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून अरण्यातील कार्बनचे एक गणिती प्रतिमान उभे केले आहे. आजोबांसारख्या शेकडो मोजणीदारांनी रानोमाळ हिंडून जमवलेले आकडे, म्हणजे कोणत्या जातीचे झाड कोणत्या वयात किती लाकूड धरते याचे तक्ते, हा त्याचा पाया. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो, एवढे एक समीकरण ठाऊक असले की लाकडावरून कार्बन काढता येतो. मग हा कार्बन वीसएक खात्यांत विभागला जातो. खोडाचे खाते, पानांचे खाते, फांद्यांचे, जाड मुळांचे, बारीक मुळांचे. ही झाली जिवंत खाती. त्यांच्यापलीकडे मृत खाती: उभी वाळलेली झाडे, पडलेले ओंडके, पालापाचोळा, मातीतील काळा कुजका अंश. प्रत्येक वर्ष सरले की संगणक एका खात्यातून दुसऱ्यात किती गेले ते लिहितो, आणि सगळ्या खात्यांची बेरीज वजा वातावरणात गेलेला भाग, हा ताळेबंद जुळलाच पाहिजे. कार्बनचा एक कणही वाटेत गहाळ होता कामा नये.

आता त्या व्यवस्थेत एखादा उत्पात आला की काय होते? येथे त्या शास्त्रज्ञांची युक्ती मला फार आवडली. प्रत्येक उत्पातासाठी त्यांनी एकेक वाटणीपत्र तयार केले आहे. वणवा लागला तर पानांच्या खात्यातील बराचसा भाग त्याच दिवशी धूर होऊन वातावरणात जातो, खोडाचा मोठा भाग मात्र जळक्या अवस्थेत उभाच राहून मृत खात्यात जमा होतो. तोडणी झाली तर खोड गिरणीच्या खात्यात जाते आणि फांद्या, पाने, मुळे जमिनीवर राहतात. भुंगेरा आला तर? त्या दिवशी वातावरणात जवळजवळ काहीच जात नाही. सगळे जिवंत खात्यांतून मृत खात्यांत वर्ग होते. कागदावर पाहिले तर काहीच घडलेले नाही. एकूण शिल्लक तितकीच.

पण खरा घाव पुढे आहे. जिवंत झाड दरवर्षी हवेतून कार्बन ओढून घेत होते, ती आवक थांबली. आणि मृत खात्यांवर कुजण्याचा दर लागू झाला. पाने चारदोन वर्षांत कुजतात. उभे खोड कोरडे असल्याने सावकाश, पण ते कोसळून ओल्या जमिनीला टेकले की वेग वाढतो. प्रतिमानात हा दर तापमानाशी बांधलेला आहे. साधारणपणे दहा अंशांनी ऊब वाढली की कुजणे दुपटीच्या आसपास जाते. एखाद्या कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे निधन व्हावे, पगार बंद व्हावा आणि त्याच महिन्यापासून कर्जाचे हप्ते सुरू व्हावेत, तसे हे आहे. अंत्यविधीच्या दिवशी घर जसेच्या तसे दिसते. धर्मगुरू म्हणून अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांची खरी विपन्नता पाहुणे परतल्यानंतर, दुसऱ्यातिसऱ्या वर्षी कळू लागते.

मी भारतात परतल्यावर काही महिन्यांनी, एप्रिल २००८ मध्ये, कुर्झ यांच्या गटाचा लेख ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजोबांनी त्याची छायाप्रत टपालाने धाडली. पाइनप्रधान अशा ३ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा, म्हणजे आपल्या संपूर्ण महाराष्ट्राहून मोठ्या प्रदेशाचा, त्यात हिशेब मांडला होता. सन २००० ते २०२० या काळात या एका कीटकाच्या उत्पातामुळे एकंदर २७ कोटी टन कार्बनचा फरक पडेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. कार्बन डायऑक्साईडच्या भाषेत बोलायचे तर सुमारे ९९ कोटी टन. हे रान उत्पातापूर्वी अल्पसे का होईना कार्बन शोषून घेत होते. आता ते उत्सर्जन करणारे झाले होते. सर्वांत वाईट वर्षी भुंगेऱ्याचा हा परिणाम, १९५९ ते १९९९ या चाळीस वर्षांतील संपूर्ण कॅनडाच्या वणव्यांतून होणाऱ्या सरासरी वार्षिक उत्सर्जनाच्या पाऊणपट भरणार होता. एवढा मोठा आकडा, आणि जागतिक हवामानाची भाकिते करणाऱ्या मोठमोठ्या प्रतिमानांत तोवर कीटकांचे खातेच उघडलेले नव्हते. वाढणारी झाडे त्यांत होती. मारणारा भुंगेरा नव्हता. वणव्याची ज्वाला दुरून दिसते, उपग्रहालाही दिसते. सालीखालचे कुरतडणे कोणाला दिसणार?

प्रतिमान म्हणजे भविष्यवाणी, असा आपल्याकडे समज आहे. तो दूर करणे आवश्यक वाटते. त्याच वर्षी त्याच गटाने आणखी एक हिशेब प्रसिद्ध केला. कॅनडाची सर्व व्यवस्थापित अरण्ये येत्या वर्षांत कार्बन शोषतील की सोडतील, हा प्रश्न होता. पुढील वर्षी किती वणवे लागतील हे कोणाला ठाऊक? म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे केले. मागील कित्येक वर्षांच्या वणव्यांच्या नोंदींतून यदृच्छेने एकेक आकडा उचलायचा, कीटकांचा अपेक्षित प्रसार त्यात मिळवायचा, हिशेब शेवटपर्यंत चालवायचा, आणि मग पुन्हा नव्या चिठ्ठ्या टाकून तोच हिशेब पहिल्यापासून. असे पुन्हा पुन्हा. आलेली उत्तरे एकत्र ठेवल्यावर दिसले, की २००८ ते २०१२ या काळात ही अरण्ये वर्षाला ३ कोटींपासून २४ कोटी ५० लाख टन कार्बन डायऑक्साईडएवढे उत्सर्जन करणारी ठरू शकतात. केवढी ही तफावत! परंतु त्या तफावतीतच प्रामाणिकपणा आहे. एकच नेमका आकडा सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला अधिक आवडतो, हे मला व्यासपीठावरून बोलण्याच्या अनुभवाने माहीत आहे.

या हिशेबामागे एक व्यावहारिक निर्णय होता. क्योटो कराराच्या २००८ ते २०१२ या पहिल्या मुदतीत प्रत्येक देशाला एक मुभा होती: आपल्या व्यवस्थापित अरण्यांचा जमाखर्च देशाच्या हिशेबात धरायचा की बाहेर ठेवायचा, हे त्याने आधी ठरवायचे. करार झाला तेव्हा अनेकांना वाटत होते की कॅनडासारख्या वनसमृद्ध देशाला अरण्ये म्हणजे हक्काची पुंजी आहे. ती दाखवून कारखान्यांचा धूर वळता करता येईल. शास्त्रज्ञांनी खाती उघडून दाखवली तेव्हा पुंजीच्या जागी देणे निघण्याची शक्यता दिसली. कॅनडाने अरण्ये हिशेबाबाहेर ठेवली. (पुढे डिसेंबर २०११ मध्ये त्या देशाने करारातूनच माघार जाहीर केली, ती कथा निराळी.) आजोबांना याचे फार वैषम्य वाटे. “आम्ही आयुष्यभर झाडे मोजली,” त्यांनी एका पत्रात लिहिले होते, “आणि मोजून झाल्यावर त्यांनी वही मिटली.”

तथापि गावातील लोकांपुढचा प्रश्न क्योटोचा नव्हता. तो पोटाचा होता. मेलेले पाइन काही वर्षे लाकूड म्हणून उपयोगी पडते, नंतर त्याला भेगा जातात. तेव्हा ते लवकर तोडावे, गिरणीत न्यावे, अशी घाई सरकारलाही होती आणि कामगारांनाही. बुरशीने निळसर झालेल्या त्या लाकडाला व्यापाऱ्यांनी ‘डेनिम पाइन’ असे नाव देऊन बाजार मिळवला. व्हॅंकूवरजवळील रिचमंड येथे २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी जे ओव्हल क्रीडागार बांधले, त्याच्या विस्तीर्ण छतात हे लाकूड वापरले आहे. खतावणीच्या भाषेत हा कार्बन कुजण्यापासून वाचला. तो इमारतीच्या खात्यात जमा आहे आणि छत टिकेल तोवर तेथेच राहील. मी असताना उन्हाळाभर गिरण्या रात्रंदिवस चालत. रविवारच्या मिस्साला काही जण पाळी संपवून थेट येत, त्यांच्या केसांत भुसा असे. पैसा खेळत होता, पण तो प्रेतावरचा पैसा आहे याची जाणीव सर्वांना होती. एकदा एका तरुण बापाने मला विचारले, “फादर, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. तो मोठा होईल तेव्हा इथे काय असेल?” नवे पाइन तोडणीला यायला साठ-सत्तर वर्षे लागतात, हे त्यालाही ठाऊक होते. त्याला उत्तर नको होते. कोणाजवळ तरी ते बोलायचे होते.

आणि येथे त्या हिशेबाला एक वळण मिळाले. प्रतिमान कितीही काटेकोर असले तरी त्याच्या पोटात काही गृहीते असतात, आणि ती रानात जाऊनच पारखावी लागतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील अँड्र्यू ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्स जॉर्जच्या उत्तरेकडील मृत पाइनच्या रानात उंच मनोरे उभारले. मनोऱ्यावरील उपकरण सेकंदाला अनेक वेळा हवेचे वर-खाली जाणे आणि तिच्यातील कार्बन डायऑक्साईड मोजते. त्यावरून रान श्वास किती घेते आणि सोडते किती, ते कळते. सन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापांत आश्चर्य होते. मृत झाडांचे रान अपेक्षेपेक्षा लवकर सावरत होते. मोठी झाडे मेल्यामुळे जमिनीपर्यंत ऊन पोहोचले, पाण्यातले वाटेकरी कमी झाले, आणि वर्षानुवर्षे सावलीत खुरटून राहिलेली लहान झाडे, झुडपे, रोपटी एकाएकी तरारली. भुंगेऱ्याला जाड खोड लागते. त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नव्हते. त्याउलट जेथे मृत रान सरसकट तोडले होते, तेथे ही रोपटीही यंत्रांखाली चिरडली गेली होती आणि ती जमीन अधिक काळ कार्बन सोडत राहिली.

म्हणजे ज्या रानाला सगळे स्मशान समजत होते, त्याच्या पायथ्याशी पुढची पिढी उभी होती, आणि गावाचे पोट ज्या तोडणीवर अवलंबून होते तिच्यात ती मारली जात होती. हा पेच कोणत्याही प्रतिमानाने सुटणारा नव्हता. प्रतिमान एवढेच सांगू शकत होते, की कोणत्या डोंगरावर खालची झाडोरी दाट आहे आणि तेथे हात न लावलेलाच बरा. कोठे ती विरळ आहे आणि तेथे तोडून नवी लागवड करणे हितकर. आजोबांचे म्हणणे हेच होते, आणि ते सांगताना ते स्वतःच्या मुलांच्या पोटावर पाय देत होते, हे ते जाणून होते. त्यांच्या घरी या विषयावरून जेवणाच्या टेबलावर अबोला झाल्याचे मी ऐकले आहे. कार्बनच्या चर्चेत हा अबोला कोणी लिहीत नाही.

जानेवारी २०१२ मध्ये बर्न्स लेक येथील आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथील सॉ मिलमध्ये भीषण स्फोट झाले. दोन्ही ठिकाणी दोन-दोन कामगार प्राणास मुकले, अनेक जण भाजले. हवेत आणि कोनाड्यांत साचलेला लाकडाचा बारीक भुसा पेटला होता. वाळलेल्या मृत पाइनची धूळ हिरव्या लाकडाच्या धुळीपेक्षा अधिक कोरडी आणि बारीक असते, ही गोष्ट त्या वेळी सर्वतोमुखी झाली. आजोबांचे पत्र त्या उन्हाळ्यात आले. त्यात कार्बनचा उल्लेख नव्हता. कोणकोणत्या घरांत ते सांत्वनाला जाऊन आले, तेवढेच होते.

दुसऱ्यांदा मी तेथे गेलो तो ऑगस्ट २०१८ मध्ये. आजोबा तोवर देवाघरी गेले होते. वाटेत मी लाल रान शोधत होतो, पण लाली केव्हाच ओसरली होती. करडे सांगाडे, काही ठिकाणी त्यांच्यामधून डोके वर काढणारी हिरवी झाडे, आणि सर्वांवर धूर. त्या प्रांतात २०१७ साली सुमारे १२ लाख हेक्टर आणि २०१८ मध्ये साडेतेरा लाख हेक्टर रान जळाले. एका सकाळी मी मिस्सासाठी ख्रिस्तमंदिर उघडायला गेलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले होते आणि आकाश तपकिरी काळे होते. वृद्ध स्त्रिया तोंडाला रुमाल बांधून आल्या. वेदीवरची मेणबत्ती त्या दिवशी भर सकाळी रात्रीसारखी उजळ दिसत होती.

त्यापूर्वी दोनच वर्षे, २०१६ मध्ये, विवेक अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हवेतील वाढलेला कार्बन डायऑक्साईड आणि लांबलेला उबदार हंगाम यांमुळे उत्तरेकडील झाडे जोमाने वाढतील, आणि भुंगेऱ्याने केलेले नुकसान २०२० पर्यंत भरून निघेल, असे त्यांच्या प्रतिमानाने दाखवले होते. मनोऱ्यांची मोजमापे पाहता ते सर्वस्वी अशक्य नव्हते. पण जी ऊब झाडांना वाढवते तीच त्यांना सुकवते. जून २०२१ च्या अखेरीस त्याच प्रांतातील लिटन या खेड्यात तापमान ४९.६ अंशांवर गेले आणि दुसऱ्याच दिवशी ते खेडे जळून गेले. सन २०२३ मध्ये तर कॅनडाभर सुमारे दीड कोटी हेक्टर रान पेटले. उपग्रहांच्या निरीक्षणांवरून शास्त्रज्ञांनी काढलेल्या हिशेबानुसार त्या वर्षी मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्या वणव्यांतून जवळजवळ ६४ कोटी ७० लाख टन कार्बन वातावरणात गेला. कोळसा आणि तेल जाळून वर्षाकाठी याहून अधिक कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि आपला भारत. भुंगेऱ्याचा वीस वर्षांचा २७ कोटी टनांचा आकडा, जो २००८ मध्ये वाचून मी थक्क झालो होतो, तो त्या एका उन्हाळ्यापुढे निम्म्याहूनही कमी ठरला.

आणि ही रक्कम लिहायची कोठे? कॅनडा आपला वार्षिक अहवाल सादर करतो तेव्हा वणव्यांनी आणि तीव्र कीटक-उत्पातांनी ग्रासलेल्या रानांचा जमाखर्च देशाच्या एकूण आकड्यात मिळवत नाही; तो निराळा दाखवतो. वीज कोसळली त्याला मनुष्य कसा जबाबदार, असा त्यामागचा युक्तिवाद आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. आकडे दडवलेले नाहीत, अहवालात ते आहेत, शोधणाऱ्याला सापडतात. मात्र तेच रान पुन्हा वाढून तोडणीच्या वयाला आले, की त्याने शोषलेला कार्बन मनुष्याच्या खात्यावर जमा धरला जातो. जळण्याचा खर्च निसर्गाच्या नावे, वाढीची कमाई आपल्या नावे! धर्मग्रामाच्या वहीत मी असे केले तर लेखापरीक्षक ती वही माझ्यापुढे सरकवून खुलासा मागतील. नियमांना धरून आहे, हा खुलासा त्यांना पुरेल असे वाटत नाही. कोणता उष्मा निसर्गाचा आणि कोणता आपला, हे वेगळे काढणे दिवसेंदिवस कठीण होत चालले असताना तर मुळीच नाही.

अलीकडे कोणत्याही समारंभात झाडे लावण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे, आणि एका झाडामागे इतका इतका कार्बन, असा गुणाकारही लगोलग जाहीर केला जातो. तो ऐकला की मला त्या खिडकीतली करडी टेकडी आठवते. लागवडीच्या दिवशी मांडलेला तो गुणाकार झाडाच्या पुढल्या पन्नास वर्षांत कोणताही उत्पात येणार नाही असे धरून चालतो. व्हिक्टोरियातील ती मंडळी मात्र प्रत्येक झाडामागे विचारतात: वणवा आला तर? कीड आली तर? तोडले तर? आणि प्रत्येक ‘तर’साठी त्यांच्याजवळ एक वाटणीपत्र तयार असते.

२०१८ च्या त्या मुक्कामात धूर थोडा विरल्यावर तो तरुण बाप मला भेटला. आता तो तरुण राहिला नव्हता. गावातील एक सॉ मिल बंद पडली होती; तो ट्रक चालवत होता. त्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा झाला होता. तो रानातच काम करतो, बाप म्हणाला, पण तोडणीचे नव्हे. आजोबा ज्या वनमोजणीच्या पथकात होते, तसल्याच एका पथकात तो उन्हाळी कामाला लागला होता. जळून गेलेल्या आणि भुंगेऱ्याने मारलेल्या रानांत ठरावीक वर्तुळे आखून, त्यांच्यातील प्रत्येक उभे खोड, पडलेला ओंडका आणि गुडघ्याएवढे रोपटे मोजायचे, हे त्याचे काम. दिवसाला किती वर्तुळे होतात, असे मी विचारले. बाप हसला आणि म्हणाला, की जेथे काहीच उरलेले नाही तेथे भराभर होतात. जेथे खालून रान फुटले आहे तेथे एकाच वर्तुळात अर्धा दिवस जातो.